रानतुळशीचे उरलेले नमुने

एकदा एका वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञाकडे एक हुशार शिष्य संशोधन करीत होता. विषय होता रानतुळस. डोंगराच्या उन्हाकडील उतारावरची पाने आणून त्याने तेल काढले, त्यातील घटक वेगळे केले. जखमेत पू करणारे जंतू त्या तेलाने मरत होते. ओढ्याकाठच्या रानतुळशीच्या तेलाने मात्र काहीच घडले नाही. जंतू मारणारे द्रव्य तिच्यात जवळजवळ नव्हतेच. शिष्याने हे नमुने बाजूला सारले आणि विद्वानांच्या सभेत ठामपणे सांगितले, "रानतुळस जखमेवर गुणकारी आहे."

दुसऱ्या दिवशी तो गुरूंच्या घरी गेला. गुरू ओसरीवर पाय पसरून बसले होते. मधुमेहामुळे त्यांच्या तळव्याची जखम भरत नव्हती. आज डॉक्टरांचे मलम त्यांनी दूर सारले होते आणि पुढ्यात वाटलेला पाला होता.

"गुरुजी, हे काय?"

"तुझी रानतुळस. कालच म्हणालास ना, गुणकारी आहे!"

"पण पाने कुठली?"

"ओढ्याकाठची. डोंगर चढणे आता मला कुठले जमायला!"

गुरूंनी बोटांवर लेप घेतला. शिष्याने झडप घालून त्यांचा हात धरला.

"नको, गुरुजी! तिच्यात गुण नाही. मला... मला ते ठाऊक होते."

एवढे बोलताच त्याची मान जी खाली गेली, ती वर होईना. गुरूंनी शांतपणे हात धुतला.

"मला शंका होतीच," ते म्हणाले. "ओढ्याकाठचीही पाने तू आणली होतीस, पण सभेत त्यांचे नावही काढले नाहीस. नुसते विचारले असते, तर तू एखादी सबब सांगितली असतीस. बाळ, माझा पाय डोळ्यांसमोर होता म्हणून तुझा हात पुढे आला. तुझ्या शब्दावर विसंबून कुठल्याशा गावी कुणी जखमेवर हा पाला बांधील, तिथे हात धरायला तू असशील का? वनस्पती जिथे उगवते, तिथल्या मातीचे, उन्हाचे गुण घेऊन उगवते. यात तिचा दोष नाही. आपण अर्धेच सांगितले, की तेवढ्यापुरते औषधाचेही विष होते."

शिष्य पुन्हा त्या सभेपुढे उभा राहिला. आपण काय लपविले, ते त्याने सांगून टाकले. मग मागून एका वृद्धेने विचारले, "मग ओढ्याकाठच्या पानांत काय सापडले?"

शिष्याने डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली.