चेंडूकडे न पाहता

एकदा एक नामवंत फुटबॉलपटू आपल्या वृद्ध गुरूंकडे तक्रार घेऊन गेला. ही गोष्ट कोल्हापूरची. फुटबॉलपटूचे नाव इंद्रजित सरनोबत. तिथे कुस्तीच्या तालमींचेही फुटबॉल संघ असतात; बारा वर्षे तो आपल्या तालमीच्या संघात आघाडीला खेळला. त्याच्या पायात चेंडू आला की प्रेक्षक उभे राहत. पुढे गुडघा दुखावला, खेळ सुटला आणि त्याच संघाचे प्रशिक्षकपद त्याच्याकडे आले. परंतु पहिल्याच हंगामात संघ ओळीने पाच सामने हरला. सहावाही गेला तर दुसरा माणूस बघू, असे तालमीच्या मंडळींनी त्याला स्पष्ट सांगितले होते.

ज्यांनी त्याला लहानपणी खेळ शिकवला, त्या दत्ताजी वस्तादांपुढे त्याने मन मोकळे केले. मुलांना समज नाही, मी बाहेरून घसा बसेपर्यंत सांगतो तरी चेंडू कुठे द्यायचा ते त्यांना कळत नाही, त्या जागी मी असतो तर गोल झाला असता, असे तो बराच वेळ बोलत राहिला. वस्तादांनी सारे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी दोन परक्या संघांचा सामना पाहायला त्याला सोबत नेले.

तिथे त्यांनी एक विचित्र अट घातली. चेंडूकडे अजिबात पाहायचे नाही. एका संघाचा डाव्या बाजूचा बचावपटू दाखवून ते म्हणाले, "शेवटपर्यंत फक्त ह्याला बघायचं."

इंद्रजितला राग आला, पण वस्तादांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. सामन्यात दोन गोल झाले. त्याने एकही पाहिला नाही.

"काय दिसलं?" सामना संपल्यावर वस्तादांनी विचारले.

"पहिला अर्धा तास तो सारखा वर धावत होता, हात करत होता. एकदाही कुणी चेंडू दिला नाही. मग त्यानं वर जाणं सोडलं," इंद्रजित आठवून सांगू लागला. "त्याच्याच संघाचा गोल झाला तेव्हा सगळे मिठ्या मारत होते, हा जागेवरच." मग तो म्हणाला, "शेवटी शेवटी तो खेळतच नव्हता, वस्ताद. नुसता मैदानात होता."

वस्ताद म्हणाले, "बारा वर्षं तू चेंडूकडं बघितलंस. ते बरोबरच होतं, तुझं कामच होतं ते. पण चेंडू एका वेळी एकाच्याच पायात असतो. बाकीचे दहा जण काय करतात, कशानं खचतात, हे बघायला बाहेर एक माणूस लागतो. तो माणूस आता तू आहेस. आणि तू अजून मनातल्या मनात गोल मारत बसलायस."

दुसऱ्या दिवशी सरावाला इंद्रजितने आपल्या डाव्या बचावपटूला, रियाज मुजावरला, बाजूला घेतले आणि तुला तिथून काय दिसते, असे प्रथमच विचारले. रियाज आधी संकोचला. मग म्हणाला, "सर, डावीकडं मी बऱ्याचदा मोकळा असतो. पण तुम्ही ओरडता तसं सगळे मधूनच चेंडू काढतात."

सहाव्या सामन्यात संघ लवकर एका गोलने मागे पडला. तालमीची मंडळी अस्वस्थ झाली. काहीतरी सांगा त्यांना, म्हणून इंद्रजितच्या मागे लागली. तो शांत उभा राहिला. जे सांगायचे ते त्याचे सरावात सांगून झाले होते. उत्तरार्धात चेंडू डावीकडून दोनदा पुढे गेला, दोन्ही वेळा रियाजच्या पायातून, आणि दोन्ही वेळा गोल झाला.

पुढच्या सहा वर्षांत त्या संघाने चार करंडक जिंकले. त्यातल्या एका अंतिम सामन्यात विजयी गोल अगदी शेवटच्या मिनिटाला झाला. शिट्टी वाजताच खेळाडू, प्रेक्षक, तालमीची मंडळी, सगळे गोल मारणाऱ्याकडे धावले. इंद्रजित मात्र उलट दिशेने चालत गेला. पूर्वार्धात एक सोपा चेंडू हातून सुटलेला त्याचा गोलरक्षक तिथे मान खाली घालून एकटाच बसला होता. इंद्रजितने त्याला हाताला धरून उठवले, आणि बोलत बोलत दोघे त्या गर्दीकडे निघाले.