फळीत बसलेली मुळी

खूप जुनी गोष्ट, डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हाची. एका गडाच्या पायथ्याशी राजाचं औषधभांडार होतं. रानातून लोक तापावरची मुळी आणत. भांडाराच्या दारात ती तपासली जाई.

तपासायला एक सागवानी फळी होती. तिच्यात मुळीच्या आकाराची खाच कोरलेली: आधी जाड डोकं, मग तीन गाठी, शेवटी बारीक शेपटी. खाचेत बसेल ती मुळी आत, नाही बसली तर उकिरड्यावर, असा राजाचा हुकूम होता.

भांडारावर दोन भाऊ कामाला होते, त्यातला थोरला फळी सांभाळायचा. तो मात्र खाचेवर थांबत नसे. बसलेली मुळी मोडून आतून पांढरा चीक येतो का, ते बघायचा, कारण तशाच आकाराची एक विषारी मुळीही रानात उगवे, पण तिला चीक नसे. न बसलेलीही मोडायचा, आणि चीक निघाला तर आत घ्यायचा.

धाकटा वैतागायचा. "दादा, फळी आहे ना? मग हा उद्योग कशाला?"

"फळीला आकार कळतो रे," थोरला हसून म्हणायचा. "पोटात काय आहे, ते तिला कुठलं कळायला?"

एका उन्हाळ्यात राज्यात ताप पसरला. थोरलाही अंथरुणाला खिळला आणि फळी धाकट्याच्या हाती आली. दारात गर्दी उसळली होती. "हात चालव की रे, घरी माणसं मरतायत!" लोक ओरडत होते. धाकटा आधीच उतावळा. मोडून बघणं त्याने पहिल्याच सकाळी सोडून दिलं.

एक म्हातारी टोपली घेऊन आली. तिच्या मुळ्या वाकड्या, गाठी एकमेकींना चिकटलेल्या.

"बसत नाहीत, आजी."

"खडकातल्या आहेत, वाकड्याच येणार. मोडून तर बघ."

"फळी नाही म्हणते."

"फळीला डोळे नाहीत. तुला आहेत ना, मेल्या?"

लोक हसले. धाकट्याचं डोकं फिरलं. त्याने टोपलीच उकिरड्यावर उपडी केली.

तिच्या मागे नदीपलीकडचा एक व्यापारी होता. त्याच्या पोत्यातल्या मुळ्या सरळ, देखण्या. एकूण एक खाचेत चपखल बसल्या. धाकट्याने पोतं आत घेतलं.

संध्याकाळी वैद्याने भांडारातली मुळी उगाळून थोरल्यापुढे वाटी धरली. थोरल्याने धाकट्याकडे बघितलं.

"मोडून बघितलीस ना?"

"हो दादा."

थोरल्याने वाटी तोंडाला लावली. भावाने बघितलंय म्हटल्यावर त्याने दुसरं काही विचारलं नाही.

दिवा लागेपर्यंत त्याचे ओठ निळे पडले. तो धाकट्याचा हात धरून राहिला. मग हात सुटला.

धाकटा भांडाराकडे धावला. त्याने पोत्यातली मुळी मोडली. आतून ती काळी होती, कोरडी. दुसरी मोडली, तीही तशीच. मग उकिरड्यावर जाऊन त्याने म्हातारीची एक वाकडी मुळी उचलली आणि मोडली. पांढरा चीक त्याच्या बोटांवरून ओघळला. तो तिथेच, घाणीत, गुडघ्यांवर बसला.

त्या पोत्यातली मुळी आणखी किती घरांत गेली होती, ते पहाटेपर्यंत रडण्यावरूनच कळत गेलं.

राजाने त्याला बोलावलं. "फळीत खोट दिसते. आम्ही आणखी बारीक खाच कोरून घेऊ."

"महाराज, फळीत खोट नाही," धाकटा म्हणाला. "आकार जुळतो, एवढंच ती म्हणाली. चीक आहे का, ते मी बघायचं होतं. दादाने विचारलं, तेव्हा मी हो म्हणालो."

राजाने त्याला शिक्षा दिली नाही. धाकटा पुन्हा भांडाराच्या दारात बसू लागला. फळी मांडीवर घ्यायचा आणि प्रत्येक मुळी मोडायचा, बसलेली आणि न बसलेलीही. गर्दी कितीही ओरडली तरी मान वर करायचा नाही. त्याची बोटं चिकाने कायमची पांढरी झाली. घरी मात्र "मोडून बघितलीस ना?" असं विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

तात्पर्य: साच्यात बसलं म्हणजे खरं ठरलं असं नाही, साचा फक्त आकार तपासतो, आत काय आहे ते माणसानेच बघायचं असतं.