टाकीत उतरण्याआधी

“...मग इतकी वर्षं श्वासावर ताबा मिळवून उपयोग काय, महाराज?”

आबामहाराज गोठ्यामागच्या गोबरगॅसच्या टाकीकडे बघत राहिले.

विचारणाऱ्या निरंजनला ते बोचलं. श्वास कोंडून बसण्यात मठात त्याचा हात धरणारा दुसरा शिष्य नव्हता. गावच्या बायका तर त्याच्या पाया पडत. उद्या द्वादशी. चातुर्मास धरलेल्या साऱ्याजणी पारणं फेडायला मठात येणार, नि नेमका आजच गॅस बंद! वरचा शेणकाला उपसून झाला होता. झाकणही काढलं होतं. खाली नळाच्या तोंडाशी पेंढा अडकलेला दिसत होता.

“उपसायचं मशीन परवा येईल,” महाराज म्हणाले. “तोवर कुणी आत उतरायचं नाही.”

“परवा येऊन काय उपयोग? श्वास रोखतो, पेंढा ओढतो, वर येतो. वायू नाकात शिरला तरच बाधेल ना?”

पलीकडे ओलं सरपण उन्हात पसरणारी गंगाक्का थबकली. तिचा नवरा येसबा ह्याच टाकीत गेला होता. त्याला काढायला धाकटा दीर दत्तू धावला. तोही वर आला नाही.

“हेसुद्धा असंच म्हणाले होते, बाबा,” ती म्हणाली. “‘हा गेलो, नि हा आलो.’”

“अक्का, येसबानं जन्मात कधी प्राणायाम केला होता का?”

गंगाक्कानं पदर तोंडाला लावला.

निरंजननं कफनी खोचली. शिडीवर पाय ठेवला.

“थांब.”

महाराज काठी टेकत उठले. आडावरचा दोर आणून त्यांनी त्याच्या कमरेला बांधला. निरंजन मनातल्या मनात हसला... शेवटी परवानगी मिळाली तर!

मग दोराचं दुसरं टोक महाराजांनी स्वतःच्या कमरेभोवती घेतलं.

“हे काय! तुमच्यानं मला ओढवेल?”

“छे रे. काठीशिवाय चालवत नाही माझ्यानं.”

“मग खांबाला बांधा ना! मी पडलो तर तुम्हीसुद्धा आत याल...”

“तू पडल्यावर मी काठावर उभा राहीन, असं वाटलं होतं तुला?”

निरंजनचा पाय पायरीवर तसाच राहिला. खालून उबट, कुजका वास येत होता.

“पण... मग हा दोर कशाला?”

महाराजांनी गाठ आवळली.

“मागच्या खेपेला दुसऱ्याचं प्रेत शोधायला फार वेळ लागला, बाळा.”