हद्दीवरचा बोया

दोन राज्यांनी समुद्र नुकताच वाटून घेतला होता, तेव्हाची गोष्ट. पाण्यावर रेघ टिकेना, म्हणून दोघांनी मिळून एक लाल बोया साखळीने तळच्या धोंड्याला बांधला. तो तरंगेल तिथे हद्द, असं ठरलं.

पलीकडे सुरमई जास्त मिळायची. म्हणून एके दिवशी हिरोजी तांडेलाने होडीचा दोर बोयाच्या कडीत अडकवला आणि शीड उभारलं.

"तांडेल, मला ओढू नका," बोया म्हणाला.

"अरे, दोन-चार वाव सरकलास तर कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

होडीने जोर केला. बोया पाण्याखाली गेला, वर आला, पुन्हा गेला. पण त्याने साखळी सोडली नाही आणि धोंड्याने तळ सोडला नाही. शेवटी दोरच तुटला.

पुढच्या आठवड्यात दाट धुकं पडलं. पलीकडच्या पहारेकऱ्यांनी हिरोजीला गाठलं.

"आमच्या हद्दीत शिरलास!"

हिरोजीने चाचपडत बोयाला हात लावला. "नाही. मी बोयाच्या अलीकडे आहे."

"आणि बोयाच कोणी सरकवला असेल तर?"

कडीत तुटका दोर अजून लोंबत होता. तो हातात धरून हिरोजी म्हणाला, "नाही सरकत तो. मी ओढून पाहिलाय."