टिटवीला कुणी विचारलं?

फार फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या रानात एका खोकडाने टिटवीची चारही अंडी पळवली. करकोचा हा त्या रानाचा सरकारी वकील. त्याने खोकडाशी तडजोड केली, "गुन्हा कबूल कर आणि आठ दिवस नदीवर येऊ नकोस. बस्स!"

टिटवी आक्रोश करत न्यायाधीश हत्तिणीकडे धावली. हत्तिणीने लगेच चौकशी बसवली. सारं रान धावत जमलं.

"चार अंड्यांना एवढीच शिक्षा?" हत्तिणीने विचारलं.

"साक्षीदार नव्हता, हत्तीणबाई. तो सुटलाच असता," करकोचा म्हणाला. "कबुलीत त्याने सांगितलं, दोन अंडी खाल्ली आणि दोन वाळूत पुरली. माकडं ती शोधताहेत."

इतक्यात माकडं ओरडत आली, "सापडली! सापडली!" सगळ्यांसमोर एक अंडं तडकलं आणि इवलीशी चोच बाहेर आली. रानात एकच जल्लोष झाला.

"तडजोड कायम राहील," हत्तीण म्हणाली. "पण करकोच्या, टिटवीला विचारलं होतंस?"

करकोच्याने मान खाली घातली. "नाही."

पिल्लाला पंखाखाली घेत टिटवी म्हणाली, "विचारलं असतंस, तर मीच हो म्हटलं असतं."