समोरच्या दाराकडची बाजू

एकदा एका मिस्त्रीकडे एक शिष्य आला, आणि त्या शिष्याचे निम्मे केस पिकलेले होते. विद्येला वय नसते असे आपण म्हणतो खरे. पण पन्नाशीचा माणूस हातात पाना घेऊन "शिकवा" म्हणतो, तेव्हा त्यामागे विद्येपेक्षा वेगळेच काहीतरी असते. कोंडिबा मिस्त्रींनी पंचाहत्तर पावसाळे पाहिले होते आणि गॅरेज बंद करून पाच वर्षे झाली होती. त्यांनी शिष्याला नीट न्याहाळले आणि एवढेच विचारले, "ट्रॅक्टर कुणाचा?"

"आमचाच," भानुदास म्हणाला. मग जरा अडखळला. "म्हंजे, माझा आन् दादाचा."

"बरं. ट्रॅक्टर तुझ्या दारात, काम तुझ्या हातानं. मी बाजेवर बसून नुसत्या शिव्या देणार. चालंल?"

"चालंल."

हा ट्रॅक्टर सगळ्या गावाला ठाऊक होता. भानुदास आणि त्याचा थोरला भाऊ निवृत्ती यांची घरे एकाच अंगणात, समोरासमोर. मधोमध दोन्ही बाजूंनी उघडी पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये हे लाल धूड. पूर्वी सकाळी एक भाऊ तो चालवी, दुपारनंतर दुसरा. नऊ वर्षांपूर्वी, ऐन पेरणीत, इंजिनात ऑइल नसताना तो चालला आणि इंजिन जाम झाले. थोरल्याला वाटले होते, ऑइल धाकट्याने पाहिले असेल. धाकट्याला वाटले, थोरल्याने. दोघांच्या भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला. इंजिन दुरुस्त करता आले असते, पण त्या दिवशी बांधावर जे शब्द निघाले त्यांना सुटे भाग मिळत नाहीत. शेत वाटले गेले, विहिरीच्या पाळ्या वाटल्या गेल्या, भांडी वाटली गेली. ट्रॅक्टर तेवढा कुणी मागितला नाही आणि कुणी विकूही दिला नाही. बोलणे तर बंदच झाले.

मग या वर्षी, माघात, भानुदास दाढी करायला गेला असताना न्हाव्याने सहज विचारले, "दादा कसे आहेत आता? दवाखान्यातून आणलं ना घरी?" दादाचे हृदयाचे दुखणे, आठ दिवसांचा दवाखाना, आणि वीस पावलांवर राहणाऱ्या सख्ख्या भावाला ते न्हाव्याकडून कळले. अर्धी दाढी तशीच ठेवून उठावे असे त्याला वाटले. पण उठून जायचे कुठे? समोरच्या ओट्यावर चढायला नऊ वर्षांत पाय धजावला नव्हता. दादा असाच एक दिवस निघून गेला तर, या धास्तीने त्याला झोप लागेना. त्याच आठवड्यात तो मिस्त्रींकडे गेला. दादाला त्याने शेजारच्या पोराकरवी निरोप धाडला, की ट्रॅक्टर दुरुस्त करतो आहे. उत्तर आले, "करायचं ते कर म्हणावं."

दोन महिने काम चालले. भानुदासने इंजिन खोलले, तालुक्याहून नवे पिस्टन आणले, हात काळे केले आणि मिस्त्रींच्या शिव्या मनोभावे खाल्ल्या. शेवटी एका सकाळी ट्रॅक्टर खोकला, थरथरला आणि सुरू झाला. पोरेटोरे धावत आली. भानुदासची नजर मात्र समोरच्या दाराकडे होती. दार उघडले नाही. त्याने इंजिन बंद केले आणि डोळे पुसले; धुरामुळे, असे बायकोला सांगितले.

राहिला होता रंग. भानुदासने आपल्या घराकडची बाजू घासायला घेतली, तसे मिस्त्री बाजेवरून ओरडले, "तिकडून! आधी त्या घराकडची बाजू."

त्याने तिकडची बाजू घासली. गंज काढला, खड्ड्यांत पुट्टी भरली, प्रायमर मारला, वर लाल रंगाचे दोन हात दिले. नवरीसारखी सजली ती बाजू. आणि दुसऱ्या दिवशी तो इकडे वळणार, तर मिस्त्रींनी रंगाचा डबा उचलला, पिशवीत घातला आणि म्हणाले, "झालं. आता राहू दे."

"राहू दे? निम्मा राहिलाय की!"

"राहू दे म्हणलं ना." आणि ते चालते झाले.

गावाला तेवढेच हवे होते. पारावर ट्रॅक्टरला अर्धनारीनटेश्वर असे नाव पडले. बायको म्हणाली, "लोकं हसत्यात हो. आणि आपल्या दारातनं तर नुसता गंजच दिसतोय." चार दिवस भानुदासने सोसले. पाचव्या दिवशी तो तणतणत मिस्त्रींच्या घरी गेला.

"काका, तुम्ही माझी फजिती मांडलीय का? करायचा तर पुरा करू, न्हाईतर हात तरी कशाला लावायचा?"

मिस्त्रींनी त्याला पाणी दिले. त्याचे पिऊन होईपर्यंत ते थांबले.

"बाबा रे, तुझ्या दारातून जी बाजू दिसते ती तुझ्या भावाला दिसत नाही. त्याला दिसते ती तुला दिसत नाही. माणूस समेट करायला निघतो ना, तोही रंग आपल्याच बाजूनं लावत येतो. आधी माझं म्हणणं, आधी माझा मान. पलीकडच्याला तोवर नुसता गंज दिसत राहतो. त्याला वाटतं, हा स्वतःचंच चकचकीत करतोय. म्हणून म्हणलं, एकदा त्याच्या बाजूनं कर, आन् तुझ्या वाट्याचा गंज चार दिवस तू बघ. त्यानं नऊ वर्षं बघितलाय."

"मीबी बघितलाय की काका."

"बघितलास. त्यानंबी बघितलाय, हे कधी ध्यानात आलं होतं?"

भानुदासने रिकामा तांब्या खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "आन् एवढं करून दादा आलाच न्हाई तर?"

"तो यावा म्हणून रंग लावला असशील, तर ती लाच झाली. भाऊ आहे म्हणून लावला असशील, तर रंग वाया गेला नाही. जा घरी."

भानुदास घरी आला. सगळे पटले होते असे नाही, पण राग उतरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्याकडच्या मडगार्डचा गंज पॉलिश पेपरने नुसताच खरवडत बसला होता. मागे काठीचा आवाज झाला. निवृत्ती उभा होता. दुखण्याने निम्मा झालेला, गळ्याशी मफलर. दादा इतका म्हातारा कधी झाला, हे भानुदासला कळलेच नव्हते.

"गावात हसत्यात, ते खोटं वाटलं मला," निवृत्ती म्हणाला. "उन्हाला बसतो तिथनं तर सगळा नवाच दिसतो. म्हणून बघाय आलो." त्याने गंजलेल्या बाजूवरून हात फिरवला. "आधी माझ्याकडून केलंस?"

"व्हय."

निवृत्तीचा हात मडगार्डवरच थांबला.

"त्या दिवशी ऑइल मोजायची पट्टी मी बघितली न्हवती," निवृत्ती म्हणाला. "ठाऊक होतं मला. तरी तुलाच बोललो."

"मीबी न्हवती बघितली दादा." भानुदास म्हणाला. "मलाबी ठाऊक होतं."

निवृत्ती मातीतच बसला. धाकट्याच्या हातातला पॉलिश पेपर त्याने काढून घेतला आणि मडगार्ड घासू लागला. दहा-बारा हात मारले आणि त्याला धाप लागली.

"दादा, तू नुसता बस. मी करतो."

"नऊ वर्षं बसलोच की." मग पत्र्याकडे पाहून तो एकदम डाफरला, अगदी पूर्वीसारखा. "आन् हे कोरडं काय घासतोस, भान्या? पाणी आण जा. एवढंबी कळंना व्हय तुला?"

उघड्या पत्र्याला पाणी लागले की रातोरात पुन्हा गंज धरतो, तो कोरडाच घासायचा असतो. मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात शिव्या देऊन हे शिकवले होते. भानुदासला ते चांगले ठाऊक होते. त्याने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले.

"आणतो दादा," तो म्हणाला, आणि बादली घेऊन नळाकडे निघाला.