आक्कांची हळद

"मग यात उणं काय राहिलंय, ते तरी सांगा मास्तर!"

इंद्रजितने तावातावाने विचारलं. मुजावर मास्तर चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले.

कोल्हापुरातल्या त्यांच्या त्या खोलीच्या भिंती राखाडी, पडदे राखाडी, मास्तरांचा सदराही राखाडी. शेजारचा रंग डोळ्याला फसवतो, म्हणून या धंद्यात खोली अशीच सुतकी ठेवतात. चित्रपट जोडून पुरा झाला की रंगांच्या शेवटच्या जुळणीसाठी, म्हणजे ग्रेडिंगसाठी, लोक इथे यायचे.

इंद्रजित मुंबईत ग्रेडिंगचा वरचा अभ्यासक्रम करून मास्तरांच्या हाताखाली आला होता. पोरगा हुशार, पण अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. आपल्याला एकट्याने काम द्या म्हणून त्याने धोशाच लावला, तेव्हा मास्तरांनी वृंदा मगदूमचा माहितीपट त्याच्या हवाली केला. वृंदाने तो स्वतःच्या आईवर केला होता.

"वृंदाला पसंत पडला, तर नाव तुझं लागेल," मास्तर म्हणाले होते. "पुढचं कामही तुझंच."

आज वृंदा बघायला यायची होती. त्याआधी इंद्रजितने मास्तरांना एक दृश्य दाखवलं. खाटेवर बसलेली एक म्हातारी. तजेलदार चेहरा, गालावर लाली.

"यंत्रावर बघा हवं तर," इंद्रजित म्हणाला. "कातडीचा रंग बरोब्बर रेषेवर आलाय. तसूभर इकडे नाही, तिकडे नाही."

रंग मोजायचं ते यंत्र. माणूस काळा असो की गोरा, त्याच्या कातडीचा रंग तिथे एकाच रेषेच्या आसपास पडतो. इंद्रजितचा त्या रेषेवर फार जीव.

"आधी कसं होतं?" मास्तरांनी विचारलं.

"पिवळंजर्द! कॅमेरा नीट लावलाच नव्हता."

"मागची भिंत पण पिवळी होती?"

"नाही, भिंत पांढरीच होती. बाईंच्या चेहऱ्यावरच झाक होती, डोळ्यांतसुद्धा. मी चेहरा तेवढा वेगळा धरला आणि सगळं मुळापासून काढलं."

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला...

"ऐकलास काय रे चित्रपट?"

"ऐकायचं काय त्यात? काम करताना आवाज बंद ठेवावा, असं तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं."

मास्तर आधी अख्खा चित्रपट डोळे मिटून ऐकायचे आणि मग आवाज बंद करून कामाला लागायचे. इंद्रजितने त्यातलं सोयीचं तेवढं उचललं होतं.

पडद्यावरचं चित्र बंद करायला मास्तर उठले, पण उशीर झाला. वृंदा दारात येऊन उभी होती. चप्पल काढायची विसरून ती पडद्याकडे बघत होती.

"आक्का..." ती म्हणाली.

इंद्रजितने लगबगीने खुर्ची पुढे केली. "या ताई, वेळेवर आलात. हे बघा, हे आधीचं... आणि हे आत्ताचं."

तो बटण दाबत राहिला. म्हातारी पिवळी झाली. म्हातारी गुलाबी झाली. पुन्हा पिवळी, पुन्हा गुलाबी.

वृंदाचे डोळे भरून आले.

"बरी झाल्यागत दिसतीया," ती हळूच म्हणाली.

इंद्रजितला ते कौतुकच वाटलं. त्याची छाती फुगली.

"तेच तर आमचं काम आहे ताई. पण आईंना का नाही आणलंत? स्वतःला असं बघून किती खूश झाल्या असत्या."

वृंदाने मास्तरांकडे पाहिलं...

मास्तर पुढे झाले आणि त्यांनी आवाज सुरू केला.

"वृंदे, जवळ आण की गं तुझा क्यामेरा," खोलीत आक्कांचा आवाज भरला. "डोळं बघ माझं, कसं पिवळंधमक झाल्यात. डाक्टर म्हणतोय, लिव्हर गेलं. मी म्हणते, लेकीची हळद बघायची ऱ्हायली, म्हणून देवानं मलाच लावली."

"आक्का, गप गं," कॅमेऱ्यामागून वृंदाचा आवाज.

"गप काय? नवरीची हळद उतरती तरी. माझी काय उतरंना बघ."

मग आक्का हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. कॅमेऱ्यामागून वृंदाही हसली आणि मध्येच थांबली.

पडद्यावर आक्कांचे डोळे दुधासारखे पांढरे होते.

इंद्रजितचे कान तापले. हे हसणं त्याने कितीदा तरी पाहिलं होतं. याच तोंडासमोर तो दिवसच्या दिवस बसला होता, गालाचा कण न् कण त्याने घासूनपुसून काढला होता. ही बाई कशाला हसते, हे त्याला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. आणि आत्ता तो तिच्या लेकीला म्हणाला होता, आईंना का नाही आणलंत... धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"कधी...?" त्याने कसंबसं विचारलं.

"दसऱ्याच्या आधी," वृंदा म्हणाली. तिची नजर पडद्यावरच होती.

"ताई, मला माफ करा. मला खरंच... मी आत्ताच्या आत्ता दुरुस्त करतो. होतं तसं करून देतो सगळं."

वर बघायची त्याला हिंमत नव्हती. खाली मान घालूनच त्याने चित्र थांबवायला हात पुढे केला.

मास्तरांनी तो हात वरच्या वर धरला.

आक्का आता परसातल्या शेवग्याबद्दल काहीतरी सांगत होत्या. शेंगा कुणाकुणाला द्यायच्या, कुणाला अजिबात द्यायच्या नाहीत...

"थांब," मास्तर म्हणाले. "त्या अजून बोलतायत."